पान अकरावरील हिरव्या वांग्याची बखर

शके एकोणीसशे शेहेचाळीस, पौष मास, ते समयी खानदेश प्रांती एका वांग्याचे रंगावरून जो संग्राम जाहला आणि त्यात पारोळेकर संघमित्राबाई बिऱ्हाडे यांणी जी शर्थ केली, तिची हकीकत कोणी तरी लिहून ठेवावी, ऐसे चार जाणत्यांचे मनी आले आणि ते काम सेवकाचे गळ्यात पडले. सेवक मुळात भरिताचा लोभी. वांग्याचा पक्षपात अंगी आहेच, तो आधी कबूल करून बाकीचे जैसे घडले तैसे लिहितो. कोठे दोन शब्द वाढले तर ते भुकेचे पोटी वाढले, ऐसे समजोन घ्यावे.

संघमित्राबाई पारोळियास राहोन मुलांचे पुस्तकांत चित्रे काढीत. दोन वर्षे डोळ्यांत तेल घालोन त्यांणी 'मळ्यातली पंगत' नामे पुस्तक चितारिले आणि जळगावचे राकेशभाऊ प्रकाशक यांणी ते छापिले. त्यात पान अकरावर हिवाळ्यातील भरीतपार्टीचा देखावा: कपाशीचे काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत वांगी ठेचणारी बाई, केळीचे पानावर कळण्याची भाकरी आणि पुढे कच्च्या वांग्यांचा ढीग. वांगी लांबट, हिरवीगार, अंगावर पांढुरक्या रेघा, जैसी या प्रांती पिकतात आणि घरोघर खाल्ली जातात तैसीच.

आता धुळियास खानदेश बालवाचन मंडळ म्हणोन एक दरबार आहे. तेथे दरसाल बालपुस्तकांतील उत्कृष्ट चित्रांस पुरस्कार होतो आणि शाल, सन्मानचिन्ह देऊन चित्रकाराचा मरातब करितात. परंतु खरा लाभ तो निराळाच, की जे पुस्तक जिंके ते धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतील दोनशे शाळांत जाऊन पोचे. बाईंची सारी आस त्यावर होती. आपले चित्र आपल्या गावच्या मुलांनी पाहावे, याउपर त्यांस काही नको होते.

पुस्तक अखेरच्या फेरीस पोचले, ऐसी खबर आली आणि बाईंचे घरी शिरा जाहला. मग तिसरे दिवशी व्हॉट्सअॅपाचे मार्गे मंडळाचा खलिता आला. त्यात मजकूर ऐसा, की चित्रे बहुत नामी, परीक्षक संतुष्ट, परंतु पान अकरावर वांग्याचा रंग चुकला आहे. वांगे जांभळे असते. बालकांचे मनी चुकीचे ज्ञान जाऊ नये, सबब आठ रोजांत दुरुस्ती करून पान रुजू करावे, न केल्यास पुस्तक फेरीतून बाद समजावे.

बाई खलिता वाचोन खालीच बसल्या. परीक्षक कोणी परमुलखाचे असते तर राग तरी येता. हे तिघेही खानदेशातलेच, हिवाळाभर हिरव्या वांग्याचे भरीत हाणणारे. मग मसलत बैसली. राकेशभाऊंनी फोनावरून सल्ला दिला, की ताई, हट्ट सोडा, संगणकावर एक कळ दाबली की वांगे जांभळे होते आणि पुरस्कारही पदरात पडतो. सल्ला व्यवहाराचा होता, त्यात वावगे काही नव्हते. बाईंनी कळ दाबोनही पाहिली. पान जांभळे जाहले आणि तो मळा कोण्या दुसऱ्याच मुलखाचा दिसो लागला. तेव्हा मातोश्री नर्मदाबाई, ज्या बाजूस लसूण सोलीत होत्या, त्यांणी मान वर न करिता हुकूम फर्माविला, "ताटमा जे शे तेच कागदवर काढ, पोरी." मग मसलत तेथेच संपली.

दुसरे दिवशी नर्मदाबाईंनी बाजारातून दोन डझन वांगी निवडोन टोपलीत भरून दिली आणि संघमित्राबाईंनी टोपली मांडीवर घेवोन एस.टी.ने धुळियावर कूच केले. वाटेत कंडक्टराने टोपली पाहोन विचारिले, की आज कोणाकडे भरीत. शेजारचे म्हातारीने वांगी दाबोन पाहिली आणि बी कमी निघेल ऐसा निर्वाळा दिला. फागणे गाव मागे पडेतो निम्मी गाडी त्या टोपलीवर बोलोन गेली, परंतु हे हिरवे काय आहे ऐसे एकानेही पुसिले नाही. बाईंस हिंमत आली.

मंडळाचे कचेरीत परीक्षकांचे प्रमुख गिरधर नाना बसले होते. नाना दोंडाईच्याचे शाळेत पस्तीस वर्षे चित्रकला शिकवोन निवृत्त जाहलेले, शिस्तीचे कडक आणि मनाचे निर्मळ. शेजारी मेघा मॅडम ग्रंथपाल आणि तिसरे अभिमन सर. बाईंनी टोपली मेजावर ठेविली. नानांनी सवयीने एक वांगे उचलिले, हातात तोलिले, दुसरे उचलिले, ते हलके, भरितास नामी भरले म्हणोन बाजूस काढिले, आणि मग बोलले, की माल अव्वल आहे, भरीत उत्तम होईल, परंतु पुस्तकातले वांगे जांभळेच असावे. बाईंनी कारण पुसिले. नाना म्हणाले, की सगळीकडे तैसेच काढतात आणि मुलांसही तैसेच ओळखू येते. हिरवे काढाल तर मूल त्यास दोडका समजेल.

यावर बाईंनी आव्हान घातले, की मुलांसच विचारावे. नानांनी ते तत्काळ पत्करिले आणि समस्त दरबार उठोन शेजारचे शाळेत चौथीचे वर्गात दाखल जाहला. मुलांस हुकूम झाला, की वांगे काढा आणि रंगवा. चाळीस मुले माना खाली घालोन रंगवू लागली आणि खडूंची एकच धांदल उडाली. मग कागद गोळा केले. चाळीसही वांगी जांभळी.

बाईंचा चेहरा उतरला. आपण ज्यांचेसाठी लढतो तेच शत्रूचे गोटात, याहून मोठा मार नाही. नाना विजयी मुद्रेने कागद जुळवो लागले. बाई टोपली उचलोन दारापर्यंत गेल्या, आणि मग काय मनात आले कोण जाणे, परत फिरोन पहिले बाकावरील मयुरी नामे मुलीस विचारित्या जाहल्या, की काल घरी भाजी काय होती. मुलगी म्हणाली, भरीत. बाईंनी टोपलीतले वांगे दाखवोन पुसिले, याचेच काय? मुलगी म्हणाली, हो. मग कागदावर जांभळे का काढिलेस? मुलीस प्रश्नच अजब वाटला. ती म्हणाली,

"हाई तं आमना घरनं शे, मॅडम. पुस्तकमा आमनं नही राहस."

मेघा मॅडम खिडकीकडे पाहो लागल्या. नानांनी हातातले चाळीस कागद मेजावर ठेविले, चष्मा काढोन पुसला, पुन्हा घातला. मग तेथेच उभ्याने फर्मान केले, की पान अकरा जैसे आहे तैसेच राहील, रंगास कोणी हात लाविणार नाही आणि यंदाचा पुरस्कार संघमित्रा बिऱ्हाडे यांस.

माघ मासी समारंभ जाहला. सभागृह भरले. नर्मदाबाई नवे लुगडे नेसोन पहिले रांगेत. संघमित्राबाईंस शाल आणि सन्मानचिन्ह देवोन नाना मानपत्र वाचावयास उभे राहिले. दोन ओळी वाचोन त्यांणी कागद घडी केला आणि भर सभेत कबुली दिली, की या प्रांतात राहोन, हेच वांगे खावोन, आपण पस्तीस वर्षे मुलांकडोन जांभळे रंगवोन घेतले, ज्याने हिरवे काढिले त्याचे मार्क कापिले, आणि त्याचे आज वाईट वाटते.

तेव्हा मागले रांगेतून एक इसम उठला. वय पन्नाशीचे, डोक्यास टोपी, हाती पिशवी. हा दोंडाईच्याचा शेतकरी हिलाल, नानांचा जुना विद्यार्थी. तो शांतपणे म्हणाला,

"नाना, मंग मना पाच मार्कनं काय?"

सभा हसली. नाना हसले नाहीत. त्यांणी त्यास मंचावर बोलाविले, निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू वर केली, खिशातले लाल पेन काढिले आणि लिहिले: हिलाल तोताराम, इयत्ता चौथी, चित्रकला, दहापैकी दहा. खाली सही केली, तारीख घातली. हिलालाने कागद दोन वेळा वाचिला, घडी करोन वरचे खिशात ठेविला आणि नानांचे पायास हात लावोन खाली उतरला. संघमित्राबाईंस एतत्क्षणापावेतो रडू आले नव्हते, ते आता आले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुस्तक दोनशे शाळांस रवाना, वांगे हिरवे कायम, आणि चाळीस साले थकलेले पाच मार्क त्याच दिवशी, त्याच सभेत, ज्याचे त्यास पोचते जाहले.