छत्री नव्हे, भूत!

उल्हासने भूत व्हायचं ठरवलं, ते एका शनिवारापायी.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका औषध कारखान्यात तो क्वालिटी विभागात होता, आणि शनिवार हा त्याच्या साहेबाचा, फर्गलचा, फार लाडका वार होता. तपासणी जवळ आली की शुक्रवारी फर्गल खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "उद्या येशील ना?" उल्हास तिथल्या लोकांसारखंच म्हणायचा, "ग्रँड," म्हणजे चालेल. मग घरी येऊन स्वयंपाकघरात तो फर्गलची अशी काही सालटी काढायचा की ऐकत राहावं.

पण हा शनिवार निराळा होता. डब्लिनच्या एका थिएटरात एक जुना जपानी भुतांचा सिनेमा लागणार होता. लहानपणी मामाने भाड्याच्या व्हीसीआरबरोबर त्याची कॅसेट चुकून आणली होती. त्यात गरिबांची वस्ती पाडायला निघालेला एक मुजोर सावकार होता, आणि त्याच्या मागे लागलेली भुतं होती: लांब मानेची बाई, पाण्यातलं पिशाच्च आणि सगळ्यांत भारी म्हणजे एका डोळ्याची, एका पायाची, जीभ काढून उड्या मारणारी जुनी छत्री. ऐन शेवटाला टेप अडकली. त्या सावकाराचं काय झालं, हे उल्हासला आजतागायत कळलेलं नव्हतं. इंटरनेटवर शोधायचं नाही, पाहीन तर पडद्यावरच, अशी त्याची जिद्द होती.

"तिकिटं काढलीत," तो मृणालिनीला म्हणाला. "या वेळी फर्गलला तोंडावर 'नाही' म्हणून सांगणार."

"तू?" बायकोने पोळी लाटता लाटता वर पाहिलं. "दारात पाय अडकला तर दाराला सॉरी म्हणतोस तू!"

"उद्या हॅलोविन आहे. ऑफिसात सगळे सोंगं घेऊन येणारेत. मी त्या छत्रीचं भूत होणार. भूत कुणाच्या बापाला घाबरत नाही."

गुरुवारची संध्याकाळ शिवणटिपणात गेली. मोठ्या गोल्फच्या छत्रीवर भला थोरला डोळा रंगवला. मृणालिनीच्या लाल परकराची जीभ झाली. पायजम्याचे दोन्ही पाय एकत्र शिवून घेतले आणि छत्रीचा दांडा पाठीला पट्ट्याने आवळायची सोय केली. कॉर्कचा वारा छत्री उलटी करतो, हे अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून काड्यांच्या सांध्यांत चांगला जालीम गोंद भरला. गोंदाने काम चोख केलं. सकाळी छत्री काही केल्या मिटेना.

गाडीत उल्हास मावला, तर छत्री बाहेर राहिली. मग तो बसस्टॉपवर गेला. ड्रायव्हरने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"ती छत्री मिट, बॉय."

"ही छत्री नाही, भूत आहे."

"मग भूत मिट."

बस निघून गेली. उल्हासने दात-ओठ खाल्ले आणि निघाला टणाटण उड्या मारत. वाटेत जो तो म्हणे, "छत्री झकास आहे हां!" आणि हा प्रत्येकाला ओरडून सांगे, "भूत! भूत आहे!" कारखान्याच्या दारातून तो आत जाईना, तेव्हा रखवालदाराने त्याला मागच्या बाजूने, खोक्यांबरोबर आत घेतलं.

कँटीनमध्ये फर्गल समुद्री चाच्याच्या वेशात उभा होता, डोक्यावर कागदाची टोपी. "अरे वा, छत्री!" तो म्हणाला आणि त्याने हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्यातली मेणबत्ती पेटवली. आत मेणबत्ती लावू नये, ही सूचना भिंतीवर त्याच्याच सहीने लागलेली होती. भोपळा धुमसला आणि आगीचा भोंगा वाजला.

नियमाप्रमाणे कोट न घेता सगळे बाहेर पार्किंगमध्ये धावले. बाहेर पाऊस कोसळत होता. चेटकिणी, सांगाडे, नर्सा, सगळ्या विभागाने उल्हासच्या खाली गर्दी केली. फर्गलही कडेला घुसला आणि आडोशाला येताच त्याने उल्हासच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या येशील ना?"

"ग्र..." शब्द निम्मा बाहेर पडला होता. तेवढ्यात वाऱ्याने लाल परकराची ती जीभ फर्गलच्या नाकासमोर फडफडली. उल्हासला स्वतःची लाज वाटली. चिंधीला जमतं ते आपल्याला जमू नये?

"नाही," तो म्हणाला. "मला सिनेमाला जायचंय."

फर्गल हसला. "सिनेमा काय, पुन्हा कधीतरी बघ की."

उल्हासने एक उडी मारली. छत्री सरकली, तिच्याबरोबर अख्खा विभाग टुणकन सरकला आणि कडेच्या फर्गलच्या मानेवर पागोळ्यांची धार लागली.

"बरं, अर्धा दिवस?"

आणखी एक उडी. चेटकिणी आणि सांगाडेही मनापासून उडाले.

"घरून कर!"

पुन्हा उडी. फर्गलची टोपी विरघळून कानावर आली.

"ए छत्री, थांब!"

याला दोन उड्या पडल्या. आता फर्गल चिंब भिजून एकटाच पावसात उभा होता.

"बरं बाबा! भूत! भूत, थांब!"

उल्हास थांबला. "आणि शनिवार?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

फर्गलने तोंडावरचं पाणी पुसलं. सगळा विभाग टक लावून बघत होता.

"ग्रँड," तो पुटपुटला.

त्या सावकाराचं शेवटी काय झालं असेल, याचा उल्हासला थोडा अंदाज आला. त्याने फर्गलच्या दिशेने एक उडी मारली. पण अगदी बेताची, जेमतेम त्याचा एक खांदा आत येईल एवढीच.