बोगस म्हणजे काय, प्रमिलाबाई?

नकली माल प्रमिलाबाईंना दहा हातांवरून ओळखता यायचा! निदान त्यांचं स्वतःचं तसं म्हणणं होतं, आणि धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना 'नाही' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. त्यांचे यजमान मोतीलाल शेतकी ऑफिसात होते. कपाशीच्या नकली बियाण्यांवर तेव्हा धाडी पडत होत्या, आणि 'बोगस' हा शब्द मोतीलालांच्या रिकाम्या डब्याबरोबर घरी आला. प्रमिलाबाईंनी तो माहेरच्या दागिन्यासारखा मिरवला! दूधवाला बोगस, कल्हईवाला बोगस, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज तर महाबोगस! एकदा नजीर भाजीवाल्याच्या गाडीवरचं वांगं दाबून त्या चार बायकांसमोर म्हणाल्या, "ही भरताची वांगी? बोगस! वांगी बघावीत आमच्या जळगावकडची!"

नजीरनं ते वांगं पुसून पुन्हा जागेवर ठेवलं.

अशात त्यांच्या कोकिळेला शिरपूरहून स्थळ आलं. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. शिवाय हा अभिमन नावाचा मुलगा कोकिळेला फोटोतच आवडला होता. प्रमिलाबाईंनी पदर खोचला.

"भरीत अन् कळण्याची भाकरी! धनसिंग जळगावहून वांगी आणतोय. पाहुणे हात धुवायच्या आत होकार देतात की नाही बघा!"

रविवारी सकाळी त्यांचा भाऊ धनसिंग आला. हात हलवत!

"वांगी कुठंयत रे?"

"अक्का, पारोळ्याला चहाला उतरलो अन् गाडी सुटली. मी मागच्या गाडीनं आलो."

"अन् वांगी?"

"ती टपावर होती. सुरतेला गेली."

प्रमिलाबाई धावल्या त्या थेट नजीरच्या गाडीवर. नजीर शांतपणे म्हणाला, "पण भाभी, माझी तर बोगस ना?"

"दे रे बाबा, त्यातल्या त्यात चांगली दे!"

"बरं. बोगसमधली चांगली देतो."

वांगी मिळाली, पण ती भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कॉलनीत कुठून आणायच्या? गॅसवर भाजलेल्या भरताला धुराचा वास नाही, आणि धुराचा वास नाही ते भरीत खानदेशी माणूस गिळेल का?

"आई, सरळ सांग ना, वांगी इथलीच आहेत म्हणून," कोकिळा म्हणाली.

"गप! तो खराटा आण इकडं."

अंगणातला खराटा पेटला. धूर असा उठला की शेजारच्या कमलबाई "आग! आग!" ओरडत बादली घेऊन आल्या आणि अख्खी बादली वांग्यांवर ओतून मोकळ्या झाल्या! नेमके त्याच वेळी पाहुणे दारात. सगळ्यांचे डोळे पाणावलेले. मुलगी पाहायच्या आधीच पाठवणी चाललीय असं वाटावं!

चहा घेताना प्रमिलाबाई सावरल्या. "आम्ही बाहेरचं काही आणत नाही हो. सगळं बोगस!"

अभिमनची आत्या भागाबाई सगळ्यांत वडीलधारी. होकार-नकार तिच्याच हातात. तिनं बशी खाली ठेवली. "हाई बोगस म्हंजे काय व माय?"

आता अर्थ सांगायचा म्हटल्यावर प्रमिलाबाई फुलल्याच! मोतीलाल डोळ्यांनी 'नको, नको' करत होते, पण बघतंय कोण?

"नाव एका गावचं, माल दुसऱ्या गावचा, अन् वर तोंड करून सांगायचं की खराच आहे. तेच बोगस!"

धनसिंगाला ठसका लागला.

पानं वाढली. "जळगावकडचंच हं! आज सकाळी भावानं आणली वांगी."

भागाबाईनं घास घेतला. चावला. थांबली. तोंडातून हळूच एक काडी काढून उजेडात धरली.

"माय व! हाई तर खराटानी काडी शे!"

सगळे घास जागच्या जागी थांबले. प्रमिलाबाई घाईघाईनं भाकरी वाढायला वळल्या. कोकिळा मात्र पुढं झाली. "आत्याबाई, धूर खराट्याचा आहे. वांगी इथल्या नजीरभाईंची. जळगावची वांगी सुरतेला गेली."

भागाबाईनं काडी ताटाच्या कडेला ठेवली आणि बोटांवर हिशेब लावला. "नाव जयगावनं, वांगं धुयानं, वर म्हनतस खरं शे..." तिचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा उजळला. "म्हंजे हाईच ना व बोगस?"

इतका वेळ मान खाली घालून बसलेला अभिमन खदखदून हसला!

"मग आत्या, आपलं काय ठरलं?" त्यानं हसता हसता विचारलं.

"भरीत बोगस शे. पन पोर खरी शे. आमले पोर पाहिजे, भरीत नही!"

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई पेढे घेऊन नजीरच्या गाडीपाशी गेल्या. नजीरनं पेढा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"कुठले भाभी? जळगावचे?"

प्रमिलाबाईंनी आजूबाजूला बघितलं. चार बायका उभ्याच होत्या.

"नाही रे," त्या पुटपुटल्या, "कोपऱ्यावरच्या दुकानातले."