लाल गाडीतला माणूस

या कड्यावर पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही, असं तिकीट तपासनीसांनी ठरवलं. कारण शेजारच्या लाल गाडीतला माणूस त्यांच्याकडे बघून हसला होता. (ओळखदेख नसताना हसणारा माणूस हमखास विनातिकीट निघतो, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव!)

खाली लाटा खडकांवर धडका देत होत्या, पण तपासनीसांची नजर त्या माणसावर.

"चल, बस गाडीत," ते बायकोला म्हणाले.

"अहो, आत्ता तर आलो!"

"बस म्हणतो ना!"

मागच्या सीटवर शालीचं गाठोडं दिसत होतं, म्हणजे सासूबाई झोपलेल्या. त्यांना उठवण्याची घरात कुणाची छाती नव्हती. गाडी सुसाट निघाली.

दहा मिनिटांत आरशात लाल गाडी! वर हॉर्नचा सपाटा.

"बघ, पाठलाग करतोय."

"त्याला पुढे जायचं असेल. जाऊ द्या की."

तपासनीसांनी गाडी कडेला घेतली, तर लाल गाडीही थांबली. तो माणूस हातवारे करत धावत आला, तशी यांनी पुन्हा धूम ठोकली.

मग काय विचारता! दीपगृह आलं, गुहा आली, पण तपासनीस कुणाला उतरू देईनात. लाल गाडी मागे पडली, की ते झाडीआड गाडी लपवून तासभर पाळत ठेवत आणि ती दिसली की पुन्हा धूम ठोकत. "ते निळं दिसतंय ना, तोच समुद्र. बघितलास? झालं तर!"

"आईलासुद्धा काही बघू देत नाही तुम्ही," बायको कडाडली.

"त्या छान झोपल्यात." (पंख्याच्या कुरकुरीनं जाग येणारी बाई एवढ्या खड्ड्यांत हूं की चूं करत नाही, याचा मात्र त्यांना जराही संशय आला नाही.)

शेवटी रस्ताच संपला. पुढे खडक, मागे लाल गाडी. तपासनीस काच चढवून ओरडले, "पोलिसांना बोलवीन!"

"खुशाल बोलवा," तो माणूस धापा टाकत म्हणाला, "पण आधी या बाई ताब्यात घ्या!"

लाल गाडीतून सासूबाई उतरल्या. बायकोनं मागची शाल खसकन ओढली. खाली दोन उशा!

"लाटा बघायला चार पावलं पुढे काय गेले, तुम्ही पसार!" सासूबाई म्हणाल्या. "पण हे गृहस्थ फार भले. एकच तर रस्ता, जावई जाणार कुठे, म्हणाले. मग आम्ही सगळं निवांत बघत आलो. दीपगृहावर चढले मी! तुम्ही काय पाहिलंत, जावईबापू?"

तपासनीसांनी दिवसभर डोळे भरून एकच गोष्ट पाहिली होती. लाल बॉनेट.

"आई, मी तुझ्याबरोबर येते," बायकोनं पर्स उचलली. "माझं सगळंच बघायचं राहिलंय."

लाल गाडीचं दार लागलं. काच खाली झाली.

"तुम्ही या मागून," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझ्या उशा तेवढ्या सांभाळून आणा. त्या तरी विसरू नका कुठे."