केलच्या ट्रेलरचं पासिंग

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, तेव्हा केल टॉपली बोटीच्या ट्रेलरखाली उताणा पडला होता. त्याने नुसतं टोचून बघितलं होतं. बोटीचा सगळा भार ज्या आडव्या चौकोनी नळीवर असतो, नेमकी तीच नळी. आतून गंजाचे पापुद्रे त्याच्या मिशीवर पडले आणि पाठोपाठ घोटभर खारं पाणी तोंडात.

"काय झालं रे?" व्हरांड्यातून त्याच्या बायकोने, नोलीनने, विचारलं.

"काही नाही. नट आवळतोय."

"मग थुंकतोयस कशाला?"

"माशी गेली तोंडात."

बुलागा बेमध्ये केलचं ट्रेलर-पुराण ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. रविवारी सकाळी धक्क्याच्या उतारावर निम्मं गाव जमतं ते दुसऱ्याचा ट्रेलर पाण्यात वाकडा कसा जातो हे बघायला. केल जमायचा प्रवचन द्यायला. "रंगवलेला घेतलास? गेला कामातून! गॅल्वनाइज घ्यायचा, गॅल्वनाइज. लोखंडावर एकदा जस्त चढलं की गंजाची काय बिशाद!" समुद्रावरून आला की तो ट्रेलर गोड्या पाण्याने असा चोळून धुवायचा की नोलीन म्हणायची, "पोरांना एकदा तरी अशी आंघोळ घातली असतीस."

त्यातही त्याची खास शेखी म्हणजे बुचं. ट्रेलरच्या नळ्या पोकळ, टोकांना उघड्या. त्यांत समुद्र शिरू नये म्हणून थोरल्या मुलीच्या लग्नातल्या शॅम्पेनच्या बाटल्यांची बुचं त्याने सगळ्या टोकांना ठोकून बसवली होती. पाणी तरीही आत शिरतच होतं, बोल्टांच्या भोकांतून. फक्त आता त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणजे इतकी वर्षं हा गृहस्थ बाहेरून ट्रेलर धूत होता आणि आत समुद्र मुरत घालत होता.

नुसता गंज असता तर एवढं बिघडत नव्हतं. पण शुक्रवारी पासिंग होतं, आणि मागच्या पासिंगनंतर क्लबात बिअरच्या भरात केलने टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "माझा ट्रेलर गंजापायी नापास झाला, तर बोट विकीन आणि नोलीनला कॅरॅव्हॅन घेऊन देईन!" नोलीनला कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हवं होतं ते बहिणीकडे जायला. बहीण राहायची पार आतल्या भागात, गव्हाच्या शेतांत, समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर. केलला बहीणही नको होती आणि गहूही. त्याला फक्त त्याची बोट हवी होती. आयुष्यात बाकी कशातच तो एवढा शहाणा ठरला नव्हता. पण नोलीनने तिथल्या तिथे त्याच्या हातावर हात मारून शब्द पक्का केला होता आणि आजूबाजूच्या टेबलांनाही ऐकलंत ना म्हणून विचारून घेतलं होतं.

केल तसाच सरपटत बाहेर आला आणि कुंपणाकडे गेला. पलीकडे स्पायरो टोमॅटोंना पाणी घालत होता. स्पायरोने उभं आयुष्य मासे आणि बटाटे तळून विकले होते, त्यामुळे लोखंड, लग्न आणि राजकारण यांतलं त्याला सगळं कळायचं. त्याने ट्रेलरखाली डोकं घातलं.

"अरे बापरे! माझी मांजर बाळंत होईल यात!"

"हळू बोल रे!"

"नळी बदल. वेल्डिंगवाल्याला बोलाव."

"वेल्डिंगवाला आला की नोलीनला कळलंच! ती लगेच कॅरॅव्हॅनचे पडदे शिवायला बसेल."

स्पायरोने मान डोलावली. नवरा-बायकोच्या भानगडीत त्याला भलताच रस. "मग लांबी भर. ठोकलेल्या गाड्यांच्या पत्र्याला भरतात ना, ती. वरून जस्ताचा स्प्रे मार. कोणाच्या बापाला कळणार नाही."

लांबी भरली, घासली, वर स्प्रे मारला. काम इतकं झकास झालं की तेवढाच तुकडा लांबून लखलखायला लागला. म्हणून मग ती सबंध नळी रंगवली. मग शेजारच्या नळ्या बापुड्या दिसायला लागल्या, म्हणून त्याही. दिवस मावळेपर्यंत सगळा ट्रेलर असा चमकत होता की नोलीन चहाचा कप घेऊन खाली आली.

"एवढा कशाला सजवलास?"

"पासिंग आहे. जरा मान ठेवायला नको का?"

"माझ्या बहिणीच्या लग्नाला तू दाढीसुद्धा केली नव्हतीस."

ती गेल्यावर केलने स्पायरोला बाजूला ओढलं. "हिला संशय आला, तर जोडीला येणार नाही का? जुना ट्रेलर नव्यासारखा चमकतोय म्हटल्यावर ती आधी खालीच घुसेल." जोडी म्हणजे गावातली मेकॅनिक, पासिंग तिच्याच हातात.

"व्हिनेगर!" स्पायरो म्हणाला. दुकान बंद केलं तेव्हाचा व्हिनेगरचा कॅन त्याच्याकडे पडून होता, आणि तो कशावर तरी खपवायची संधी तो कधीचा शोधत होता. "पुसून घे. चकाकी मरते."

चकाकी मेली. पण जिथे व्हिनेगर जास्त लागलं तिथे पांढरे चट्टे उठले आणि जिथे लागलंच नाही तिथे ट्रेलर पूर्वीसारखाच लखलखत राहिला.

"आता कसा जुना दिसतोय!" स्पायरो खूश झाला.

"जुना कसला, आजारी दिसतोय!"

"आजाराला नापास करत नाहीत. गंजाला करतात."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण केलने नळीवर टिचकी मारली, आणि आतले सुटलेले पापुद्रे खुळखुळले. जोडी हातोडीने ठोकून बघते, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"माशाचं तेल," शेवटी स्पायरो हळूच म्हणाला. "गंज धरून ठेवतं, पुढे सरकू देत नाही. आमचे जुने कोळी आतून हेच मारायचे."

यात तो खोटं बोलत नव्हता. फक्त ते आधी सुक्या नळीत, आणि तेही बेताने फवारायचं असतं. केलने एका टोकाचं बूच काढून डबाच उपडा केला, बूच परत ठोकलं आणि नळीवर पुन्हा टिचकी मारली. आवाज बंद. त्या आनंदात दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तेलापुढे लांबी फार वेळ टिकत नाही, हे मिठी मारताना कोणाच्या लक्षात येणार?

शुक्रवारी सकाळी ट्रेलरखाली मांजरं बसली होती. स्पायरोची होती, पलीकडच्या गल्लीतली होती, आणि काही तर गावात कोणी कधी पाहिलेलीच नव्हती. केलने त्यांना हुसकलं, गाडीला ट्रेलर जोडला, तोच नोलीन दार उघडून शेजारी येऊन बसली. अंगात बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, पांढराशुभ्र पोशाख, पायांत पांढरे बूट.

"तू कुठे?"

"मैदानावर. आज सामना आहे. जाता जाता तुझं पासिंगही बघीन. मला त्यात रस आहे, माहीत आहे ना?"

गाडी निघाली. नोलीनने नाक वर केलं. "वास कसला येतोय रे?"

"समुद्राचा."

"समुद्राला असा वास यायला तो आधी मरायला हवा."

रस्ता धक्क्यावरून जातो. तिथे मासे साफ करायचं टेबल आहे, आणि टेबलापाशी गावातले थैलीवाल्या चोचीचे पेलिकन पक्षी दिवसभर फुकटच्या आतड्यांची वाट बघत उभे असतात. केलची बोट ते ओळखून होते. आज बोट थांबली नाही, पण ट्रेलरखालून थेंब थेंब काहीतरी मोलाचं पडत होतं. पेलिकन एकामागोमाग एक रस्त्यावर उतरले आणि चालू लागले. केल आरशात बघत होता आणि घामाने भिजत होता. वेग वाढवला तर ते उडत येत होते.

"केल, मिरवणूक काढलीस की काय?" जोडी गॅरेजच्या दारात हात पुसत उभी होती.

"आपसूक आलेत. लक्ष देऊ नकोस."

जोडीने ट्रेलरभोवती एक फेरी मारली. "याला काय झालंय? गोवर?"

"हवा खारी आहे ना इथली."

"आणि हा रंग?"

"जरा हात फिरवला."

जोडीने हातोडी काढली. ठण. ठण. ठण. फद्.

सगळे थांबले. पेलिकनसुद्धा.

"हे फद् काय रे?"

"गॅल्वनाइजचा येतो असा आवाज कधीकधी," केल म्हणाला. "चांगल्या प्रतीच्या."

जोडीने खिशातून चुंबक काढलं. पहिल्या नळीला चिकटलं, दुसऱ्या नळीला चिकटलं. तिसऱ्या नळीला लावलं आणि ते टपकन जमिनीवर पडलं. तिने ते उचललं, पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"केल, हे लोखंडच आहे ना?"

"अगदी उत्तम लोखंड."

"मग याला चुंबकाचं वावडं का?"

केलने तोंड उघडलं. तेवढ्यात सगळ्यात थोराड पेलिकनने मान पुढे काढली, नळीच्या टोकाचं बूच चोचीत धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. माशाचं तेल, गंज आणि बुलागा बेचं कैक वर्षांचं पाणी अशी तांबडी पिचकारी उडाली ती थेट नोलीनच्या पांढऱ्या बुटांवर. बूट गेले, पाठोपाठ मोजे गेले. लांबीचा गठ्ठा सुटून खाली पडला, नळीने कुरकुर केली आणि बोट मागच्या बाजूने हळूच खाली बसली. पेलिकन नोलीनचे बूट चोचीने टोचून बघू लागले.

"नापास," जोडी म्हणाली. "इतकं मनापासून मी आजवर कोणाला नापास केलं नव्हतं."

नोलीन ओरडेल म्हणून केलने डोळे मिटून घेतले. ती ओरडली नाही. पेलिकनला पायाने बाजूला सारत ती गालातल्या गालात हसत होती. "कॅरॅव्हॅनला निळे पडदे लावू या," ती म्हणाली. केलला खरोखर रडू कोसळलं, आणि जोडीने त्याला तोंड पुसायला दिलेल्या फडक्यालाही माशाचाच वास येत होता.

क्रेनच्या गाडीने बोट घरी आणून सोडली. जाहिरात लागली. पहिलं गिऱ्हाईक शहरातला दाताचा डॉक्टर होता.

"बोट झकास आहे. घेतो. नेऊ कशी?"

"हा ट्रेलर आहे की," नोलीन म्हणाली.

डॉक्टर खाली वाकला, सरळ झाला आणि निघून गेला. किडका दात त्याला लांबूनही कळत असावा. त्याच्यामागून जे जे आले ते सगळे असेच वाकले आणि असेच गेले. नोलीनच्या ध्यानात आलं की ट्रेलरशिवाय ही बोट विकता येणार नाही. हे आपण ठरवून केलेलं नाही, असं केल शपथेवर सांगायला तयार होता आणि ते खरंही होतं. एवढं डोकं त्याच्याकडे कुठून असणार?

शेवटी तिने कॅरॅव्हॅनसाठी साठवलेल्या पैशांतून नवा ट्रेलर आणला. गॅल्वनाइज केलेला, पोकळ नळी एकही नाही, सगळं उघडं, हात घालून पुसता येईल असं. कागदपत्रं स्वतःच्या नावावर. रोज सकाळी ती फडकं घेऊन त्याच्याभोवती फिरायला लागली. गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली, आणि आता नोलीन त्यांची उलटतपासणी घ्यायची.

"नेऊन काय करणार?"

"म्हणजे? समुद्रात घालणार."

"ट्रेलरसकट?"

"उतारावर ट्रेलर पाण्यात घालावाच लागतो ना, बाई?"

"मग नाही द्यायचा."

असं चार-पाचदा झाल्यावर केलला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. रविवारी सकाळी त्याने गुपचूप ट्रेलर गाडीला जोडला. नोलीन फाटकात हाताची घडी घालून उभी होती.

"कुठे?"

"उतारावर. जरा पाण्यात..."

"खाऱ्या? माझा ट्रेलर?"

"अगं, बोट आहे ती! समुद्रात नाही नेणार तर नेऊ कुठे?"

नोलीनने त्याचा पुरेपूर विचार केलेला होता. कॅरॅव्हॅनचे पैसे ट्रेलरमध्ये गेले होते, पण बहीण जिथल्या तिथे होती. बोटीत गादी बसली, वर ताडपत्री ताणली, तिला निळे पडदेसुद्धा लागले. पुढच्या आठवड्यात बुलागा बेने पाहिलं, केल टॉपलीची बोट समुद्राकडे पाठ करून डोंगरापलीकडे चालली होती.

बहिणीच्या शेतावर, कापलेल्या गव्हाच्या धसकटात, केल बोटीच्या टोकावर पाय सोडून बसायचा. चहूबाजूला क्षितिजापर्यंत थेंबभर पाणी नाही. खाली नोलीन ट्रेलरवर हात फिरवून बहिणीला दाखवायची, "बघ, ठिपका नाही!" केलच्या चेहऱ्याकडे बघून साडू ऱ्होडरिकचं मन द्रवलं. तो थंड बिअर घेऊन आला.

"बोट पाण्यात घालायची असेल तर पलीकडे तळं आहे आमचं. मोठं आहे, उतारही बांधलाय."

केल ताडकन उभा राहिला. नोलीनने फडकं थांबवलं.

"पाणी खारं आहे का हो?" तिने विचारलं.

"छे!" ऱ्होडरिक म्हणाला. "मागच्या वेळी पाणी होतं, तेव्हा गोडच होतं."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"आमची धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा. आता तिला मूल झालंय."

नोलीनच्या चेहऱ्यावरची काळजी क्षणात गेली.

"मग काय हरकत आहे?" ती म्हणाली. "ऊठ केल, घाल बोट!" आणि ती सगळ्यांसाठी सँडविच करायला आत गेली.