पालीची साक्ष

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. पटलीच, तर सांगण्यात माझी कसूर झाली असं समजेन. नीरजा, तू आत्तापासून हसू नकोस. तुझी हसायची जागा पुढे आहे.

पेशवाईत पुण्यात दिगंबरपंत म्हणून एक गृहस्थ होते. ओळख विचारली की डोळे मिटून सांगत, "आम्ही शोधमार्तंड. सावलीवरून चोराचं गोत्र सांगतो, शिंकेवरून गाव. पाळण्यात होतो तेव्हा खुळखुळ्याचा चोर पकडला होता." हे सांगताना डोकं बोडकं असे, कारण चैत्रात हरवलेली स्वतःची पगडी त्यांना अजून सापडली नव्हती. पंतांनी शोध लावायचा आणि त्यांच्या हडपसरच्या गड्यानं, गेनबानं, तो निस्तरायचा, अशी दोघांची वाटणी होती.

एके दिवशी गेनबाच्याच गावची तुळजाबाई दारात येऊन बसली. तिची एकुलती एक म्हैस, चंद्री. आठवड्याभरात व्यायची. शेजारच्या मांजरी गावचे सर्जेराव म्हणत होते, ती आमच्या दावणीची, चुकून तिकडे गेली. पंचायत पुण्यात, कसब्यातल्या एका देवळाच्या ओवरीत बसली होती.

"पंच काय म्हणतात?" पंतांनी विचारलं.

"पंच काय म्हंत्यात? पाल म्हंती," तुळजाबाई म्हणाली. "सर्जेराव बोलला का पाल चुकचुकती. मग सगळी बोटं भुईला टेकून 'सत्य, सत्य' करत्यात."

"आणि तू बोललीस की?"

"तवाबी चुकचुकती. पर तवा शास्त्रीबुवा म्हंत्यात, अपशकुन झाला, बाईनं गप बसावं."

उद्या निवाडा होता. चंद्री राहिली, तर पहिल्या चिकाचा खरवस पंतांना, असा ठराव झाला. खरवसाचं नाव निघताच पंतांची बुद्धी तीक्ष्ण झाली. निदान जीभ तरी झालीच.

दुसऱ्या दिवशी ओवरी गच्च भरली. मधोमध मुख्य पंच अनंतशास्त्री, गाल जरा सुजल्यासारखा, मुद्रा गंभीर. भोवती चार पंडित. पालीच्या चुकचुकण्याचा अर्थ काय, यावर त्यांचा तीन दिवस वाद चालला होता. एक म्हणे पूर्वेला चुकचुकली तर धनलाभ, दुसरा म्हणे कलह. पाल कुठल्या दिशेला आहे हे मात्र कुणी वर मान करून पाहिलं नव्हतं. पाहिलं तर वाद मिटला असता, आणि दुपारचं जेवण देवळातर्फे होतं.

सर्जेराव उठले. "म्हस आमची हाय."

चुक, चुक.

"सत्य, सत्य," ओवरीभर बोटं टेकली गेली.

"थांबा," पंत पुढे झाले. "पाल पाळीव आहे. ती यांच्या पागोट्यात आहे." आणि त्यांनी सर्जेरावांचं पागोटं उचललं. आत टक्कल होतं आणि अर्धा पेरू.

"पेरू कशाला?" पंतांनी दरडावलं.

"भूक लागंल म्हून," सर्जेराव म्हणाले.

चुक, चुक.

"सत्य," सवयीनं चौघे म्हणाले.

पंत डगमगले नाहीत. पाल आढ्यात आहे असं ठरवून त्यांनी गेनबाला तुळईवर चढवलं. गेनबानं धूळ खात कोपरान् कोपरा चाचपला.

"पंत, हितं पाल न्हाई."

"नाही? म्हणजे अदृश्य आहे. नीट बघ."

"तुमची पगडी हाय. कबुतरानं आत अंडी घातल्यात."

ओवरी हसली. पंत शांतपणे म्हणाले, "ती राहू दे. पुरावा आहे." मग थोडा विचार करून त्यांनी तुळजाबाईकडे बोट केलं. "गाऱ्हाणं घेऊन येणारीच आवाज काढते. आमचा जुना सिद्धांत आहे."

तुळजाबाईनं वर तुळईवरल्या गेनबाकडे पाहिलं. गेनबानं कपाळावर हात मारला. त्या नादात पडता पडता वाचला. खाली अनंतशास्त्री खाकरले. "पुरे झालं. पालीनं वारंवार ग्वाही दिली आहे. सबब म्हैस सर्जेरावांची..."

चुक, चुक.

"अहो, ऐकलंत का," दारातून आवाज आला. देवळाला लागूनच शास्त्रीबुवांचं घर. त्यांच्या पत्नी वासंतीबाई पदर सावरून उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात कडुलिंबाची काडी. "चार दिवस झाले, जेवताना चुकचुक, पूजेला चुकचुक, झोपेत चुकचुक. ही दातकोरणी घ्या आणि दाढेतलं ते चिपाड एकदाचं काढा. घरात पाल परवडली."

शास्त्रीबुवांनी काडी घेतली, तोंड फिरवलं, आणि उसाचा लांबलचक धागा बाहेर आला.

"ऊस कुनाच्या मळ्यातला वो, बाई?" तुळजाबाईनं विचारलं.

"मांजरीचा," वासंतीबाई सहज म्हणाल्या. "हे सर्जेराव रोज मोळी धाडतात. गोड आहे हो, पण धागा फार."

सर्जेराव आढ्याकडे बघून मनापासून पाल शोधू लागले.

निवाडा फिरला. चंद्री हडपसरलाच राहिली. "पाल अदृश्य आहे, असं आम्ही आधीच सांगितलं होतं," म्हणत चंद्री व्याल्यावर पंत खरवस मागायला गेले. तुळजाबाईनं त्यांच्यापुढे पातेलं ठेवलं, रिकामं. "तुमचा खरवसबी अदृश्य हाय," ती म्हणाली. मागे गेनबा मिशा पुसत होता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नसता आळ आला म्हणून पुण्यातल्या झाडून साऱ्या पाली रुसल्या, रांग लावून मुठेपलीकडे वारज्याला निघून गेल्या. त्या दिवसापासून आजतागायत या शहरात एकही पाल नाही.

चुक, चुक.

"बघा," मी भुईला बोट टेकलं. "पालसुद्धा सत्य म्हणाली."

"आजोबा," नीरजा म्हणाली, "पुण्यात पाल नाही ना? मग सत्य म्हणालं कोण?"