ग्रेडरसाहेब फोन बदलतात

ग्रेडरसाहेबांच्या फोनमध्ये कुणाचंही नाव सरळ नाही. आधी प्रत, मग माणूस. दूधवाला 'सुपर प्रकाश'. विम्याचा एजंट 'पाणी मारलेला सुनील', कारण वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडणारे लोक असतात आणि सुनीलचं बोलणं त्याच जातीचं. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष 'फरदड अध्यक्ष'. हंगाम संपला तरी वावरातून न काढलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, इकडे फरदड म्हणतात. एकुलता एक जावई 'ओला जावई'. आणि नळाला पाणी सोडणारा माणूस 'कचरा पाच टक्के'. या माणसानं एकदा ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मला वाटलं, आता भांडण होणार. तो म्हणाला, "पाचच ना साहेब? मले वाटलं, जास्त असन."

साहेबांचं पूर्ण नाव प्रल्हादराव गावंडे. एकतीस वर्षं सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधला कापूस ओढून काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणून बघायचा, सरकी दाताखाली फोडायची आणि प्रत बोलायची. एकदा बोलली की बोलली. रिटायर झाले तरी हात थांबेना. त्यात ही वर्षं अशी, की बोंडात अळी, बाजारात शुकशुकाट आणि खरेदी केंद्राच्या आवारात कापसापेक्षा कुत्री जास्त. मग साहेबांनी माणसं तपासायला घेतली.

तुमच्याशी हात मिळवला की ते लगेच सोडत नाहीत. अंगठा तुमच्या तळव्यावरून फिरतो, डोळे अर्धे मिटतात, आणि मग निकाल येतो. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीतही. तिथं खांदा द्यायला आलेल्या एकाला म्हणाले, "वरून पांढरा हाये तू. आत हात घातला का समजते."

माझीही प्रत त्यांनी काढलेली आहे. मी मूळचा गुहागरकडचा. आठवीतून शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या मशीनवर काम मिळेल म्हणून दारव्ह्याला आलो, तर त्या साली कापूसच आला नाही आणि जिनिंग संक्रांतीआधी बंद. बरोबरचे परत गेले. रिकाम्या हातानं घरी जायची माझी छाती होईना. मी साहेबांच्या घरासमोरच्या खोलीत राहायचो. त्यांनी मला दंडाला धरून बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात नेलं आणि मालकाला सांगितलं, "पोट्टा लांब धाग्याचा हाये. थोडासा ओला हाये, पन वाळन." मालकानं दुसऱ्या दिवशीपासून कामावर घेतलं. माझी शाळा किती, हे आजतागायत विचारलेलं नाही. सात वर्षं झाली. मी पुरता वाळलोय असं मला वाटत नाही, पण साहेबांचे ते शब्द अजून पुरतात.

तर अशा साहेबांना पुण्याच्या मुलीनं नवा फोन पाठवला.

जुना अगदी जेरीला आला होता. काच तडकलेली, कानाजवळचा स्पीकर मुका, त्यामुळे प्रत्येक बोलणं लाउडस्पीकरवर. बॅटरी तर नावालाच. चार्जरची पिन अंगठ्यानं दाबून धरली तर फोन जिवंत, सोडली की मेला. साहेबांनी दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"यातले नंबर त्याच्यात गेले पाह्यजे."

"दोन मिनिटांचं काम आहे काका." मी खूश झालो. एवढी परतफेड तरी हातून होत होती. "हे बटण दाबलं की सगळे एकदम जातात."

"एकदम?" साहेबांनी नवा फोन माझ्यापासून लांब सरकवला. "बाबू, गंजीत एक बोजा ओला गेला का काय होते? सारी गंज गरम होते. आतून पिवळी पडते. एकदम नाई. एकेकाचा नमुना घ्याचा, मंग टाकाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन लावाचा. माणूस बोलला, पास. नाई बोलला, राहू दे तिथंच."

नंबर होते सहाशे बारा. मी मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाले, तसंही गिऱ्हाईक कुठं आहे.

दुसऱ्या दिवसापासून साहेब दुपारी बारा वाजता जेवून येऊन स्टुलावर बसायचे. मी एका हाताच्या अंगठ्यानं पिन दाबायचो, दुसऱ्या हातानं पास झालेला नंबर नव्या फोनात टाकायचो. यादी बाराखडीच्या क्रमानं. 'ओले' पहिल्याच दिवशी आटोपले.

"हॅलो, जावाई? मी बोलून राह्यलो. काई काम नाई. बोला काईतरी."

"काय बोलू बाबा?"

"काईबी. पाच मिनिटं."

जावयानं पाच मिनिटं गाडीच्या मायलेजवर भाषण केलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "जरा वाळला," म्हणाले. "टाक. पन ओलाच लिही."

'कचरा' एक टक्क्यापासून बारा टक्क्यांपर्यंत होता. 'कवडी' म्हणजे किडका, डागी माल, त्यात साहेबांचे दोन जुने वरिष्ठ निघाले. त्यातल्या एकानं, "कायले फोन केला?" असं विचारलं आणि नापास झाला. एक बाई रडायलाच लागली. साहेबांचा फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तिनं धरलं. "कोनी नाई गेलं बाई, मीच फोन बदलून राह्यलो," हे तिला पटवायला दहा मिनिटं लागली. तिला साहेबांनी बढती देऊन 'सुपर'मध्ये नेलं.

गावात बोभाटा झाला. 'पाणी मारलेला सुनील' पाळी यायच्या दोन दिवस आधीच दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, फोन कायले, समोरच घ्या नमुना." साहेब म्हणाले, "समोर सारेच पांढरे असतेत."

मला मात्र एक काळजी लागली होती. यादी चाळताना 'र'पाशी एकच नाव दिसलं होतं. 'रिजेक्ट शेषराव'. सहाशे बारांमध्ये रिजेक्ट हा एकटाच.

काकूंना विचारलं. साहेबांच्या बायकोला मी काकू म्हणतो. त्या चौथ्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या आणि साहेब तंबाखू आणायला टपरीवर गेले होते.

"भाऊ हाये यांचा," काकू म्हणाल्या. "लहाना. बोरीले रायते."

बोरी अरब म्हणजे इथून एसटीनं अर्धा-पाऊण तास.

काकूंनी सांगितलं ते असं. वीसेक वर्षांपूर्वी शेषरावांची बैलगाडी केंद्रावर आली. आदल्या दिवशी थोडं पाणी पडलं होतं. आवारात शंभर गाड्या, आणि शंभर गाड्यांच्या माणसांचे डोळे साहेबांवर. भावाची गाडी आहे, बघू काय करतो. साहेबांनी हात घातला, धागा ताणला, सरकी फोडली आणि म्हणाले, रिजेक्ट. शेषरावांनी एक शब्द न बोलता बैल वळवले. तेव्हापासून बोलणं नाही. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली ती टपालानं.

"ओला होताच का पण?" मी विचारलं.

काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "दुसऱ्याचा असता तं एक प्रत खाली, फेअरमंदी घेतला असता यांनी. मले त्याच दिवशी सांगतलं. त्याले कवाच नाई सांगतलं."

नंबर कुठून आला, तर चार दिवाळ्यांमागे एक मिस्ड कॉल आला होता. एकच रिंग. काकूंनी शेजारणीच्या फोनवरून लावून पाहिला, पलीकडे दिराचा आवाज आला, त्यांनी घाबरून ठेवून दिला. साहेबांनी नंबर ठेवला, पण लावला नाही. पलीकडूनही पुन्हा रिंग आली नाही.

आता मला कळलं की मी अंगठ्याखाली काय दाबून धरलंय. नियम साहेबांचाच होता, फोन लावल्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही. शेषरावांना लावला नाही तर ते जुन्या फोनात राहणार, आणि जुना फोन आजउद्याचा सोबती. नंबर गावात कुणाकडेही मिळाला असता, पण साहेब तो कुणाकडे मागायला गेले नसते.

'फरदड' संपले. 'म' संपला. 'र' आला. साहेबांनी चष्मा पुसला.

"'ल' घे आधी," म्हणाले.

'लांब धागा' झाले. 'वरून पांढरे' झाले, ते बरेच होते. 'सुपर' झाले. नवव्या दिवशी यादी संपली तेव्हा साहेब म्हणाले, "त्या जावायाचा नमुना पुन्हा घेऊ. मले शंका हाये." जावयानं परत पाच मिनिटं मायलेज सांगितलं.

त्या दिवशी माझा अंगठा दुखत होता आणि पिन दाबूनही फोन दोनदा बंद पडला. परत सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. मी घाबरट माणूस, पुढचं बोललो ते कसं बोललो मला ठाऊक नाही. "काका, हा आज टिकेल, उद्याचं मी सांगू शकत नाही. एकच राहिलाय."

साहेब रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली, अर्धी रिकामी. तिच्याकडे त्यांचा हात गेला नाही.

"लाव," म्हणाले.

मी लावला. रिंग वाजायला लागली, आणि मी पिन अशी दाबली की नख पांढरं पडलं. माझा अंगठा घसरला की एवढ्या वर्षांनी लागलेला फोन तुटणार आणि शेषराव म्हणणार, यानंही एकच रिंग दिली.

"हॅलो. कोन?"

लाउडस्पीकरवर कोंबडी ओरडत होती.

"कोन बोलून राह्यलं?"

"मी," साहेब म्हणाले.

कोंबडी थांबली. कुणीतरी तिला हाकललं असावं.

"बोल ना दादा."

"काई नाई. फोन बदलून राह्यलो. म्हणून... साऱ्याइले लावून राह्यलो."

"बरं."

"काई काम नाई."

"हो."

सहाशे अकरा लोकांना पाच-पाच मिनिटं बोलायला लावणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. शेवटी नेहमीचं सापडलं.

"कापूस कसा हाये औंदा?"

"अळीनं खाल्ला. अर्धी पऱ्हाटी उपटून टाकली. चार-पाच क्विंटल निंगला, घरीच पडला हाये. आनला नाई कुठं. तू पाहून सांगशीन का, कसा हाये?"

मी साहेबांकडे पाहिलं. कापूस बघायला बोलावलं की हा माणूस पायात चप्पल घालायचंही विसरतो. साहेबांचे दोन्ही अंगठे एकमेकांवर आले, काहीतरी ताणल्यासारखे, आणि खाली गेले.

"मी कायले पाहू," ते म्हणाले. "चांगलाच असन."

पलीकडून कितीतरी वेळ काही आलं नाही. माझी खात्री झाली की माझ्याच अंगठ्यानं घात केला. खाली पाहिलं तर फोन चालू होता.

"मंग पाह्याले नको येऊ," शेषराव म्हणाले. "असाच ये."

"कवा?"

"कवा म्हणजे? गाड्या बंद झाल्या का तुमच्याकडच्या?"

साहेब स्टुलावरून उठले. हो नाही, येतो नाही, ठेवतो नाही. सरळ रस्ता ओलांडून स्टँडमध्ये शिरले. दोन्ही फोन काउंटरवर. पलीकडे शेषराव "हॅलो, हॅलो" करत होते. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी म्हणालो, "निघाले ते. बोरीच्या गाडीकडे गेले." आणि मग अंगठा उचलला.

शेषरावांचा नंबर मी नव्या फोनात टाकला नाही. त्यांना कुठल्या प्रतीत घालायचं हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मनानं काही लिहायची मला भीती वाटली. मी तो एका कागदावर उतरवून खिशात ठेवला.

पाचच्या सुमाराला काकू आल्या. थंडी पडायला लागली होती, हातात साहेबांचा तपकिरी स्वेटर होता. रिकामं स्टूल बघून त्यांनी मला विचारलं, "हे कुठं गेले?"

"बोरीला," मी म्हणालो. "फोन लागला."

काकू त्या स्टुलावर बसल्या. मग विचारलं, "कोनं ये म्हटलं?"

"शेषरावांनी. असाच ये म्हणाले."

मी चपला घालायला लागलो. "स्वेटर द्या काकू, पावणेसहाची गाडी आहे. मी नेऊन देतो. तिकडे वावरातला वारा लागेल त्यांना."

"राहू दे बाबू," काकू म्हणाल्या, आणि स्वेटरची घडी मांडीवर नीट करत बसल्या. "थंडी वाजली तं भावाचा घालतीन."