तात्पुरत्या जनरलची उडी

ब्रसेल्समधील एका बैठकीत लक्झेंबर्गची खुर्ची रिकामी राहण्याची वेळ आली, तेव्हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहिला. बैठक सैनिकांच्या मोज्यांच्या रंगाविषयी होती. परंतु प्रत्येक देशाने तिला निदान एका ताऱ्याचा जनरल पाठवावा, असा दंडक होता. आमच्याकडे जनरल एकच, आणि तो दुसऱ्या बैठकीला गेलेला. कर्नल होते, तेही एकेक तारा लावून तिसऱ्या-चौथ्या बैठकांना रवाना झालेले. बराकीत उरले होते बँडवाले आणि हुद्द्यांच्या फिती-तारे देणाऱ्या मानचिन्ह कार्यालयाचे कर्नल फेल्टेन. त्यांना शिक्के सोडून कुठे जाता येत नसे.

फेल्टेनसाहेबांनी बँडवाल्यांवरून नजर फिरवली. ट्रम्पेट वाजवणारा कॉर्पोरल नेकेल थोम्मेस उंच होता, त्याच्या गणवेशाला इस्त्री होती, आणि आमच्याकडे जो तो बोलतो तशा तीन-चार भाषा तोही बोलत असे. त्याच्या फिती काढून तारा बसवण्यात आला. 'बैठक संपेपर्यंत' असे आदेशात स्पष्ट लिहिले होते.

नेकेलने बैठकीत तोंड फक्त जेवणासाठी उघडले. इतर देशांच्या जनरलांनी त्याच्या संयमाची प्रशंसा केली.

परतल्यावर तो सरळ मानचिन्ह कार्यालयात गेला.

"साहेब, हा तारा घ्या आणि माझ्या फिती द्या. मंगळवारी एख्टरनाखला वाजवायचं आहे."

फेल्टेन ताडकन उभे राहिले. "सर, आधी आपण बसा. म्हणजे मला बसता येईल."

नेकेल बसला.

"तारा उतरवायला वरिष्ठाची सही लागते," फेल्टेन म्हणाले. "आपल्या वर आता कोणी नाही, सर."

"आपले खरे जनरल आहेत की."

"तेही एकाच ताऱ्याचे. बरोबरीचा बरोबरीच्याला कसा उतरवणार?"

"मग मीच मला उतरवतो."

"तो अधिकाराचा गैरवापर होईल. चौकशी लागेल. चौकशीला वरिष्ठ लागतो."

"पण बैठक संपली ना, साहेब?"

"पुढे ढकलली, सर. राखाडी रंगावर एकमत झालं नाही."

आता मंगळवार म्हणजे कोणता, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी एख्टरनाख गाव संत विलिब्रोर्डच्या समाधीपर्यंत उड्या मारत जाते. पाच-पाचांची रांग, प्रत्येकाच्या हातात शेजाऱ्याच्या पांढऱ्या रुमालाचे टोक, एक उडी डावीकडे, एक उजवीकडे, आणि सकाळपासून तीच एक साधी चाल. ती चाल एकदा अंगात शिरली की आपण कोण हे माणूस विसरतो. संताला त्याहून जास्त काही नको असते.

नेकेलची आई लेनीबाई सूपासाठी शेंगा सोलत होती. तिने मुलाचे सगळे ऐकून घेतले.

"खांद्यावर तारा लाव नाहीतर चंद्र लाव," ती म्हणाली. "तुझ्या ट्रम्पेटशिवाय माझे गुडघे उचलत नाहीत. या वर्षी उडी मारून घेते, बाळा. पुढच्या वर्षी मला खुर्चीतून नेतील."

परंतु बँडमध्ये जनरलला जागा नव्हती. त्याने आईशेजारी रांगेत उडी मारावी, असे फेल्टेननी ठरवले, आणि मग अडचणी निघू लागल्या. कनिष्ठांनी जनरलकडे पाठ करायची नसते; सबब पुढचा बँड उलटा चालेल. जनरलच्या रुमालाचे टोक अधिकाऱ्यानेच धरायचे असते; सबब लेनीबाईंना मिरवणुकीपुरते मेजर करण्यात आले. मेजरच्या पलीकडे बेकरीवाली मिल्ली होती. ती लेफ्टनंट झाली. हे कळल्यावर बाकीचे गाव काही मागे राहिले नाही. कसायाने रंगाऱ्यापेक्षा एक फीत जास्त मागितली आणि ती मिळेपर्यंत जेवण सोडले.

मंगळवारी सकाळी सगळे गाव फिती लावून हजर झाले. बँड उलटा चालत दिव्याच्या खांबाला धडकत होता. ट्रम्पेटवाचून चाल लंगडत होती. आणि उडी कोणीच मारीना, कारण वरिष्ठाच्या आधी उडी मारणे बरे दिसत नाही, आणि वरिष्ठ म्हणजे कोण ते पाहायला जो तो शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघत होता.

"लेफ्टनंट, रुमाल जरा खाली धरा," लेनीबाई म्हणाली.

"काल माझ्या ओट्यावर शेंगा निवडत होतीस, लेनी," मिल्ली म्हणाली.

"काल मी मेजर नव्हते."

नेकेलने आईच्या पायांकडे पाहिले. ते जमिनीला चिकटले होते. त्याने खांद्यावरचा तारा उपटून खिशात टाकला, रांग सोडली आणि बँडमधल्या आपल्या जागी जाऊन ट्रम्पेट उचलला.

"सर, हा आज्ञाभंग आहे," फेल्टेन धावत आले.

"कोणाच्या आज्ञेचा?"

फेल्टेननी खिशातली हुद्द्यांची यादी उघडली. नेकेलला आज्ञा देऊ शकणारा देशात एकच माणूस होता, आणि तो नेकेल होता.

ट्रम्पेट वाजला. लेनीबाईचा डावा गुडघा उचलला, मग उजवा. मिल्लीने उडी मारली ती तिच्या बरोबरीने. कसाई रंगाऱ्याच्या आधी उडाला की नंतर, हे कोणी पाहिले नाही. फेल्टेनही उडाले, नंतर त्यांनी ठेच लागल्याचे सांगितले.

समाधीच्या दारात लेनीबाईने फीत सोडवून फेल्टेनसाहेबांच्या हातावर ठेवली.

"मेजरबाई, ही परत घ्यायला वरिष्ठाची सही—"

"आत विलिब्रोर्ड आहे. त्याची घ्या."

या प्रकाराची कार्यालयाने गंभीर दखल घेतली आहे. मानापानाची पर्वा नसलेले नागरिकही देशात आहेत आणि त्यांच्यासाठी अजून चिन्हच नाही, ही त्रुटी लक्षात आल्यावर तातडीने एक पांढरी फीत मंजूर झाली. हे सगळे वाचताना ज्यांना मनापासून हसू आले, ते तिला पात्र आहेत. फीत डाव्या खांद्यावर, सर्वांना दिसेल अशी लावायची आहे.

तुम्ही ती घ्यायला येणार असाल तर लवकर या. रांग चौकापर्यंत गेली आहे, आणि पुढे कोणी उभे राहायचे यावरून आतापासूनच बाचाबाची सुरू आहे.